पंक्तिप्रपंच थांबवा: दोन मुलं, एक स्वयंपाक

'पंक्तिप्रपंच' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याला नुसतं वरण वाढलं, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणत. तसं करणं पाप समजलं जाई. पंगती गेल्या, बुफे आले, पण पंक्तिप्रपंच काही गेला नाही. तो आता आपल्याच घरात, आपल्याच दोन मुलांच्या ताटांत चालतो. वाईट म्हणजे तो 'आरोग्यासाठी' म्हणून चालतो.

चित्र ओळखीचं आहे. थोरला अंगानं भरलेला, धाकटी काडीसारखी. थोरल्यापुढे दोन कोरडे फुलके, काकडीच्या चकत्या आणि 'भात आज नको हं तुला'. धाकटीपुढे बटर लावलेला पराठा, वर चीज, आणि दोन घास जास्त गेले तर बक्षीस म्हणून चॉकलेट. थोरला तिच्या ताटाकडे बघत बसतो, धाकटी पराठ्याशी खेळत बसते. आई दोन-दोन स्वयंपाक करून दमते आणि तरी तिला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

माझं म्हणणं सरळ आहे. भावंडांची कॅलरीची गरज वेगळी असते, कधी दुपटीच्या जवळपास वेगळी असते. म्हणून ताटातलं प्रमाण वेगळं असलंच पाहिजे. पण ताटातले पदार्थ वेगळे असू नयेत. एकाला चार पोळ्या आणि एकीला दोन, हा पंक्तिप्रपंच नव्हे. एकाला 'डाएट' आणि एकीला 'लाड', हा मात्र पंक्तिप्रपंच आहे, आणि त्यात दोन्ही मुलांचं नुकसान होतं.

मी बालरोगतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. माझ्याकडे येतात ती मोठी झालेली मुलं. चाळिशीत मधुमेह झालेला, 'लहानपणी मी अगदी काटकुळा होतो हो डॉक्टर' म्हणणारा मुलगा. पंधराव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी नवं डाएट धरणारी आणि सोडणारी मुलगी. म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

गरज किती वेगळी असते?

आधी आकडे बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठी जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यानुसार रोजची सरासरी ऊर्जेची गरज अशी आहे (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती म्हणजे किलोकॅलरी):

- ४ ते ६ वर्षं: १३६०
- ७ ते ९ वर्षं: १७००
- १० ते १२ वर्षं: मुलगे २२२०, मुली २०६०
- १३ ते १५ वर्षं: मुलगे २८६०, मुली २४००
- १६ ते १८ वर्षं: मुलगे ३३२०, मुली २५००

आता शेजारी तुलनेसाठी एक आकडा ठेवा. बैठं काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची गरज २११०. म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या बाबांपेक्षा त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला साडेसातशे कॅलरी जास्त लागतात. 'काय रे, बापापेक्षा जास्त जेवतोस!' असं त्याला हसत असाल, तर तो बरोबर जेवतोय एवढंच सांगतो.

हे आकडे सरासरी वजनाच्या, बऱ्यापैकी खेळणाऱ्या मुलांचे आहेत. ते बघून घरात कॅलरी मोजत बसू नका. पण नऊ वर्षांची बहीण (१७००) आणि चौदा वर्षांचा भाऊ (२८६०) यांच्यात ११६० कॅलरीचा फरक असतो, हे लक्षात घ्या. 'दोघांना सारखंच वाढते' असं जी आई अभिमानानं सांगते, ती एकाला उपाशी तरी ठेवते किंवा दुसरीला कोंबते तरी.

शिवाय वय हे एकच कारण नसतं. मुलींची उंचीची उसळी मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. म्हणून अकरा वर्षांची बहीण बारा-तेरा वर्षांच्या भावापेक्षा जास्त जेवली तर नवल नाही. चार-सहा महिन्यांनी चित्र उलटेल. पाच-सहा वर्षांचं मूल तर नैसर्गिकरीत्याच आयुष्यातलं सगळ्यात सडसडीत असतं. पहिल्या वर्षाची गुबगुबीत चरबी तोवर ओसरते आणि नंतर परत हळूहळू भरते. नेमक्या याच वयात 'डॉक्टर, टॉनिक द्या, फार वाळला' अशी मागणी सर्वात जास्त होते. वाळलेला नसतो तो, वयाप्रमाणे असतो.

एकाच जेवणावर एक जाड, एक बारीक कसं?

'दोघं एकाच घरात वाढतात, तेच खातात, मग हाच का सुटलाय?' या प्रश्नामागे एक आरोप असतो. तो चोरून खातो, तो आळशी आहे.

१९९० साली कॅनडातल्या लावाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी एक प्रयोग केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या आणि प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. आठवड्याचे सहा दिवस, असे एकूण ८४ दिवस. सगळ्यांना जादा कॅलरी अगदी सारख्या. वजन मात्र कुणाचं ४.३ किलोनं वाढलं, तर कुणाचं १३.३ किलोनं. आणि जुळ्या भावाभावांचं वजन बऱ्याच अंशी सारखं वाढलं. जादा अन्नाचं शरीर काय करणार, हे मोठ्या प्रमाणात जन्मतःच ठरून येतं, एवढा याचा अर्थ. तुमची दोन मुलं एकसारखी जुळी नाहीत. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं समान असतात. एक आजोबांवर जाईल, एक मावशीवर. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठे आला?

बारीक मूल म्हणजे सुरक्षित मूल नव्हे

'तिला काय होतंय, खाऊ दे की वेफर्स, तेवढंच अंगाला लागेल.' हे वाक्य मला जाड मुलाच्या डाएटपेक्षाही जास्त धोक्याचं वाटतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम या बाबतीत जगभर गाजलेलं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघं सारखेच, आतून मात्र वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही त्यांच्या गटाला हेच दिसलं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ही बाळं जवळजवळ ८०० ग्रॅमनं हलकी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. 'बारीक पण चरबीदार' ही भारतीय शरीराची ठेवण आहे.

म्हणून आपल्याकडच्या बारीक मुलाला बिस्किटं, फरसाण, क्रीम रोल, कोल्ड्रिंक देऊन 'भरायचा' प्रयत्न केला, तर अंगावर येते ती बहुतेक चरबी, आणि तीही पोटावर. स्नायू आणि हाडं त्यानं बनत नाहीत. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. बारीक मुलाच्या यकृताला ती साखर जाड मुलापेक्षा वेगळी दिसत नाही.

दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. डब्यावर उंच मुलाचं चित्र असतं. डबा उलटा करून मागचं लेबल वाचा. साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन बहुतेक वेळा पहिल्या काही घटकांतच सापडतील. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. मुलाला दूध द्यायचं असेल तर दूध द्या. पावडरीचे पैसे अंडी आणि शेंगदाण्यांवर खर्च करा.

आणि जाड मुलाचं ताट वेगळं केल्यावर?

अमेरिकेतल्या जेनिफर फिशर आणि लिअ‍ॅन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर साधा प्रयोग केला. एक खाऊ मोकळा ठेवला आणि तसाच दुसरा खाऊ समोर दिसेल, पण थोडाच वेळ मिळेल अशी बंदी घातली. मुलं त्या बंदीच्या खाऊबद्दलच जास्त बोलू लागली, तोच मागू लागली. पुढे याच गटानं मुलींचा पाच ते नऊ वर्षं वयापर्यंत पाठपुरावा केला. पाचव्या वर्षी ज्यांच्या खाण्यावर आईची जास्त बंधनं होती, त्या मोठ्या झाल्यावर पोट भरलेलं असतानाही जास्त खात होत्या. मुळात अंगानं भरलेल्या मुलींमध्ये हे अधिक दिसलं. म्हणजे ज्यांच्यासाठी बंदी घातली, त्यांनाच ती उलटी बाधली.

तुमच्या घरात तर बंदीचा खाऊ बरणीत बंदही नसतो. तो शेजारी, बहिणीच्या ताटात असतो. थोरल्यानं ते रोज बघायचं आणि गप्प बसायचं. मग दप्तरात वेफर्सचे रिकामे पुडे सापडतात, मित्राच्या डब्यावर ताव मारला जातो, आणि घरात त्याला 'हावरट' ही पदवी मिळते. 'जाड्या', 'ढोल्या', 'काडी', 'पापड' ही नावं प्रेमाची आहेत असं घरच्यांना वाटतं. ज्या मुलांना वजनावरून घरातच चिडवलं जातं, त्यांच्यात एकदम भरमसाट खाणं आणि पुढे वजन वाढणं जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. चिडवल्यानं कोणी बारीक होत नाही.

इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात '१२०० कॅलरी डाएट'चा छापील कागद ठेवणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत. वरचा तक्ता पुन्हा बघा. १२०० ही चार ते सहा वर्षांच्या मुलाच्या गरजेहूनही कमी आहे! वाढत्या मुलाचं वजन उतरवण्याची बहुतेक वेळा गरज नसते. वजन आहे तिथे रोखलं किंवा सावकाश वाढू दिलं, की उंची वाढते आणि शरीर आपोआप प्रमाणात येतं. लठ्ठपणा फारच असेल, तर ते काम बालरोगतज्ज्ञांच्या नजरेखाली व्हावं, छापील कागदावर नव्हे.

मुलगी आहे म्हणून कमी?

आता सगळ्यात जुना पंक्तिप्रपंच. 'त्याचं वाढीचं वय आहे' हे मुलाबद्दल, आणि 'आता जरा जपून खा, पुढे लग्न...' हे त्याच वयाच्या मुलीबद्दल.

तेरा ते पंधरा वयात मुलीला मुलापेक्षा ४६० कॅलरी कमी लागतात हे खरं. पण त्याच २०२० च्या तक्त्यात बाकीच्या ओळीही वाचा. प्रथिनं: मुलगा ४५ ग्रॅम, मुलगी ४३ ग्रॅम. कॅल्शियम: दोघांना १००० मिलिग्रॅम. लोह: मुलगा २२ मिलिग्रॅम, मुलगी ३० मिलिग्रॅम. दहा ते बारा वयात तर मुलीला प्रथिनं मुलापेक्षा किंचित जास्तच सांगितली आहेत, ३३ ग्रॅम विरुद्ध ३२, आणि लोह २८ विरुद्ध १६!

याचा अर्थ काय? मुलीच्या ताटातून चार पोळ्या कमी होऊ शकतील, पण अंडं, डाळ, दूध, पालेभाजी, मटणाचा तुकडा यातलं काहीही कमी होऊ शकत नाही. कमी कॅलरीत जास्त लोह बसवायचं, तर तिचं ताट भावाच्या ताटापेक्षा सरस असायला हवं. प्रत्यक्षात घडतं उलट. उरलेलं अंडं दादाला, कलेजी दादाला, आणि ताईला रस्सा.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के आहे. पाळी हे एक कारण आहेच, पण म्हणूनच तिला जास्त द्यायला हवं ना? ज्या घरात डाळ मोजूनच शिजते, तिथे तर कुणाला काय वाढलं जातं याला आणखी महत्त्व येतं. तिथे सगळ्यात शेवटी जेवणारी सहसा आई असते आणि तिच्या आधी मुलगी.

मग किती खायचं हे कोण ठरवणार?

इथे पालकांना घाम फुटतो. 'त्याच्यावर सोडलं तर तो थांबणारच नाही आणि तिच्यावर सोडलं तर ती सुरूच करणार नाही.'

लहान मुलाला आपली गरज बरीच नीट कळते. लिअ‍ॅन बर्च यांनीच १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणात मुलं कधी खूप कमी, कधी खूप जास्त खात होती. सुमारे ३४ टक्के वरखाली. पण दिवसाची बेरीज केली तर फरक जेमतेम १० टक्के. सकाळी टाकलेलं संध्याकाळी भरून निघत होतं. म्हणून एका जेवणावरून रडारड करू नका, दिवस बघा, आठवडा बघा.

ही जाण बिघडवतो आपण. 'ताटातलं सगळं संपव', 'एक घास चिऊचा' म्हणत टीव्हीसमोर कोंबलेले वीस घास, आणि आपला तो प्रसिद्ध आग्रह. पाहुण्यांना आग्रह करा, आपली रीतच आहे. पण पोराला रोज आग्रह करून त्याच्या पोटाचा आवाज दाबू नका. तीन वर्षांच्या मुलांना जास्त वाढलं तरी ती जेवढी भूक तेवढंच खातात, पण पाच वर्षांची मुलं जास्त वाढलं की जास्त खातात, हेही प्रयोगानं दिसलं आहे. दोन वर्षांत आपण त्यांना बाहेरून शिकवून मोकळे होतो.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांची कामाची वाटणी मला फार पटते. काय शिजवायचं, कधी आणि कुठे जेवायचं, हे पालकांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे मुलानं. आपल्या घरांत नेमकं उलट असतं. काय खायचं ते मुलगा ठरवतो ('मला मॅगीच पाहिजे'), आणि किती ते आई.

प्रत्यक्षात काय करायचं?

१. स्वयंपाक एकच. वरण, भात, पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ, कोशिंबीर, ताक. सगळ्यांना सगळं. आईचं कामही निम्मं होतं.

२. पहिल्यांदा थोडंच वाढा. दोघांनाही. मग 'अजून हवंय का?' एवढंच विचारा. मुलानं ताटावर हात आडवा धरला की वाढायचं थांबवा. टाकायचं नाही हा संस्कार चांगलाच आहे, पण तो कमी वाढून पाळायचा, कोंबून नव्हे.

३. ज्याला जास्त गरज आहे त्याला वरून द्या. बारीक आणि कमी खाणाऱ्या मुलाचं पोट लवकर भरतं, म्हणून थोडक्या घासात जास्त ताकद हवी. भातावर एक छोटा चमचा जादा तूप म्हणजे ४५ कॅलरी. भाजीत दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तिळाची किंवा जवसाची चटणी, सायीचं दही. पदार्थ तोच, वरची भर वेगळी. यावर कोणाचं मन दुखत नाही.

४. जास्तीची भूक मधल्या वेळेला भागवा. मघाच्या नऊ आणि चौदा वर्षांच्या भावंडांचंच उदाहरण घ्या. दिवसभरात चार पोळ्या जास्त (साधारण ४००), दोन्ही वेळेला थोडा जादा भात (२६०), एक वाटी उसळ (१५०), मैदानावरून आल्यावर मूठभर शेंगदाणे (१७०) आणि एक केळं (१००), झोपताना पेलाभर दूध (१३०). बेरीज झाली सुमारे १२००. फरक भरून निघाला, वेगळा पदार्थ एकही करावा लागला नाही.

५. ज्याची गरज कमी आहे त्याचं काही काढून घेऊ नका, क्रम बदला. घरात सगळ्यांनीच आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खायची, मग पोळी-भात. भूक पहिल्या दहा मिनिटांत जास्त असते, ती भाजीवर खर्च होऊ दे.

६. जे एकाला नको ते घरातच नको. कोल्ड्रिंक, वेफर्स, बिस्किटांचे मोठे पुडे दुकानातच राहू देत. बाबांचा चकल्यांचा डबाही यात आला.

७. सणाचं गोड सगळ्यांना सारखं. उकडीचा मोदक दोघांच्या ताटात पडला पाहिजे. चतुर्थीला एकाच्या पानात मोदक आणि दुसऱ्याच्या पानात सफरचंद हा क्रूरपणा आहे. आणि गोड हे जेवल्याचं बक्षीस म्हणून कधीच नको.

८. जेवताना मोबाइल, टीव्ही बंद. मोठ्यांचेही.

९. खेळ शिक्षा म्हणून नको. पाच ते सतरा वयाच्या प्रत्येक मुलाला रोज सरासरी तासभर घाम काढणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बारीक मुलालाही. नाहीतर खाल्लेल्याचा स्नायू बनणार कसा? 'जा, दहा फेऱ्या मार' असं एकालाच सांगू नका. दोघांना घेऊन टेकडीवर जा.

'पण डॉक्टर...'

'मोकळं सोडलं तर पहिल्याच दिवशी सहा पोळ्या खाल्ल्या त्यानं!' खाईल. ज्याला महिनोन्महिने भात मिळाला नाही, तो सुरुवातीला भातावर तुटून पडेलच. काही आठवडे धीर धरा. उद्याही भात मिळणार आहे याची खात्री पटली, की तो शांत होतो. तोवर पातेल्यात काय आहे, हे तर तुमच्याच हातात आहे.

'आजी ऐकत नाहीत.' आजींना दोष देण्याआधी त्यांचा काळ आठवा. त्यांनी कमी अन्नाचे दिवस पाहिलेत, गुबगुबीत नातू म्हणजे त्यांना घरची बरकत वाटते. त्यांना तक्ते दाखवू नका. त्यांना काम द्या. थालीपीठ, मेतकूट, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, नाचणीची पेज हे ज्ञान त्यांच्याकडेच आहे. फक्त लाडू दोघांना मिळेल, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

अपवाद, आणि डॉक्टरकडे कधी यायचं

काही आजारांत एका मुलाचं अन्न खरोखर वेगळं असावं लागतं. सीलिअ‍ॅक आजारात गहू पूर्ण बंद करावा लागतो. पण आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत. अख्खं घर भाकरीवर येऊ शकतं, मुलाला एकटं पडू द्यायची गरज नाही. मात्र गिरणीत गव्हावर ज्वारी दळून आणू नका, तेवढा गहूही बाधतो. टाइप १ मधुमेह किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझा लेख बाजूला ठेवा.

बाकी सगळ्यांनी मुलांची तुलना एकमेकांशी न करता प्रत्येकाची त्याच्याच वाढीच्या आलेखाशी करावी. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे आणि त्यापुढे १८ पर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. सहा महिन्यांनी एकदा उंची-वजन मांडून घ्या. मूल आपल्या रेषेला धरून वाढत असेल, तर ती रेषा वरची असो की खालची, बहुधा चिंता नसते. खालीलपैकी काही दिसलं तर मात्र दाखवा:

- वजन उतरतंय, किंवा आलेखाची रेषा सोडून मूल खाली-वर सरकतंय
- भरपूर खाऊनही वाळतंय, तहान आणि लघवी वाढली आहे (रक्तातली साखर त्याच दिवशी तपासा)
- दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप, किंवा सतत पातळ शौच
- वजन वाढतंय पण उंची थांबली आहे
- मानेवर, काखेत काळी, जाडसर कातडी
- माती, खडू, कच्चे तांदूळ खाणं, फिकेपणा, पटकन दम लागणं
- मूल जेवण लपवतंय, टाकतंय, जेवल्यावर उलटी काढतंय, किंवा सारखं वजनकाट्यावर उभं राहतंय

जंताची गोळी वर्षातून दोनदा शाळेत किंवा अंगणवाडीत मोफत मिळते. ती बारीक-जाड दोघांनीही घ्यायची असते.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा दोन्ही ताटांकडे एकदा बघा. पोळ्यांची संख्या वेगळी असेल तर असू द्या. पण एका ताटातला पदार्थ दुसऱ्या ताटात नसेल आणि त्याला कुठलंही वैद्यकीय कारण नसेल, तर तो उद्यापासून दोघांच्या ताटात वाढा, नाहीतर दोघांच्याही ताटातून काढा.